मोगलीचे जनक : रडयार्ड किपलिंग

रडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे तेथील सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिक्षक होते. आया व मीता नामक चाकर यांच्या तोंडून देशी गोष्टी ऐकत रडयार्ड यांचे बाळपण सुखात चालले होते. परंतु १८७१ साली, वयाची सहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, धाकट्या बहिणीसह त्यांस इंग्लंडात परक्या घरी ठेवण्यात आले. तेथील बाईने त्यांचा फार छळ केला. त्या दुःखात पुस्तकांचाच काय तो त्यांस आधार होता.

१८८२ साली ते हिंदुस्थानात परतले व लाहोरास वृत्तपत्रात काम करू लागले. पुढे विवाहानंतर अमेरिकेत असता त्यांनी ‘जंगल बुक’ लिहिले. १८९४ साली ते प्रसिद्ध झाले; त्यातील काही चित्रे खुद्द वडिलांनी काढली होती. राहणे बर्फाळ व्हरमाँटमध्ये, पण मन रमले ते सिवनीच्या अरण्यात व आपल्या भंडाऱ्याकडे वाहत येणाऱ्या वैनगंगेच्या काठी! १९०७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ साली ते निवर्तले.

साम्राज्याचा त्यांनी केलेला पुरस्कार आज आपणांस रुचणार नाही. मोगली मात्र अजून लाडका आहे. आईबापांस अंतरलेल्या त्या पोराला लांडगीण पोटाशी धरते, बल्लू अस्वल धडे देते, बघीरा पाठीशी उभा राहतो. बालवाचकहो, परक्या घरी एकट्या पडलेल्या मुलास जे हवे होते, तेच किपलिंग यांनी मोगलीला दिले.