आखीव नगरीचा सुलतान

घरात बदलीचा कागद आला की साहेब पुढं निघून जातात. मागं डबे-भांडी बांधायची, म्हाताऱ्यांना सांभाळून न्यायचं ते आपणच. संभाजीनगरहून वेरूळला जाताना देवगिरीचा किल्ला दिसला की मला महंमद तुघलक आठवतो, तो यामुळंच.

माणूस भलता हुशार. तर्कशास्त्र, गणित, वैद्यक, फारसी काव्य, सगळ्यात गती; अक्षरही सुरेख. १३२५ साली गादीवर आला आणि दोनच वर्षांत त्यानं ठरवलं, राजधानी राज्याच्या मध्यावर हवी. देवगिरीचं दौलताबाद झालं. सैनिक, कारकून, काझी, व्यापारी यांचे वेगवेगळे मोहल्ले आखले. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, बाजार, हमाम, पिठाची चक्की. कशासाठी बाहेर जायलाच नको! चाळीस दिवसांच्या वाटेवर सावलीची झाडं आणि सराया.

हक्सलेच्या १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये माणसांना सुखात गुंगवून गप्प ठेवतात, ऑर्वेलच्या '१९८४'मध्ये धाकानं. सुलतानानं दोन्ही केलं. आधी सोडलेल्या घरांची किंमत दिली, मग सक्ती. तुम्हाला यायचंय का, हे मात्र कादंबऱ्यांतही कुणी विचारत नाही आणि दिल्लीतही कुणी विचारलं नाही.

आख्खी दिल्ली ओस पडली असं सांगतात. पण आजचे बरेच अभ्यासक म्हणतात, हलवले ते मुख्यतः अमीर, विद्वान, सूफी आणि त्यांची कुटुंबं. सगळ्यात आधी सुलतानाच्या आईचा कबिला निघाला. तिचीसुद्धा इतिहासात ओळख आहे ती मखदूमा-ए-जहाँ या किताबानं! मग बाकीच्या बायकांची नावं कोण लिहिणार? इसामी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा नव्वदीच्या आजोबांबरोबर निघाला होता. आजोबा पहिल्याच मुक्कामी, तिलपतला गेले.

पुढं तांब्याची नाणी चांदीच्या भावानं चालवण्याचा खटाटोपही फसला. थोड्याच वर्षांत सुलतानानं लोकांना दिल्लीला परतायची मुभा दिली. १३४७ मध्ये दौलताबादच हातातून गेलं, तिथं बहमनी राज्य उभं राहिलं. १३५१ मध्ये बंडखोराचा पाठलाग करताना सिंधमध्ये ठट्ट्याजवळ सुलतान वारला.

इसामी मात्र दख्खनमध्येच मोठा झाला. १३५० साली, सुलतान हयात असतानाच, त्यानं आपलं फारसी इतिहासकाव्य पुरं केलं, बहमनी सुलतानाच्या आश्रयानं. त्यात आजोबांचा तो मुक्काम आहे, आणि तुघलकाला यथेच्छ शिव्याही.