औषधदानाची दुसरी बाजू : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत पन्नास वर्षांतील दात्यांची नावे मोठ्या आदराने छापली जात आहेत, आणि ते उचितच आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांत औषधदानाचे माहात्म्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच्या जोडीला आपल्या शास्त्रांनी वैयावृत्त्य हे अंतरंग तपांपैकी एक तप मानले आहे. त्याचा मूळ अर्थ मुनिजनांची, वृद्धांची व ग्लानांची सेवा असा असला, तरी श्रावकांनी त्यामागचा भाव सर्वसामान्य रुग्णसेवेपर्यंत नेला. या दोहोंत एक भेद आहे. औषध दुसऱ्याच्या हाती पाठविता येते; सेवा मात्र स्वतः जाऊनच करावी लागते. हा भेद ज्यांच्या जीवनात अत्यंत स्पष्टपणे दिसतो, त्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे पुण्यस्मरण या निमित्ताने करावे असे वाटते. ते जन्माने जैन नव्हते. परंतु ज्याच्यापासून शिकावे त्याचे कुळ विचारू नये, हीच आपली शिकवण आहे.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या जैन संस्कृती संरक्षक संघामुळे व तेथील ग्रंथमालेमुळे हे शहर आपल्या समाजास परिचित आहे. कापड गिरण्यांच्या या गावात एका मध्यमवर्गीय, मोठ्या कुटुंबात ते वाढले. पुढे मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. पुढील मार्ग सरळ होता : उच्च पदवी, दवाखाना, प्रतिष्ठा आणि आईवडिलांच्या कष्टांची परतफेड. इतक्यात दूर देशाची हाक आली.

७ जुलै १९३७ रोजी जपानने चीनविरुद्ध सर्वंकष युद्ध सुरू केले होते. जखमींची संख्या अफाट आणि डॉक्टर थोडे, अशी तेथील स्थिती होती. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. त्या वर्षीचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी देशाला आवाहन केले, आणि ७ ते ९ जुलै या दिवसांत ठिकठिकाणी चीन निधी गोळा करण्यात आला. सुमारे २२,००० रुपये जमले. आजच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ भासेल. परंतु देश पारतंत्र्यात, सरकार परक्यांचे, लोक स्वतःच दरिद्री, आणि तरीही त्यांनी ज्यांचे मुख कधी पाहिले नाही अशा लोकांच्या जखमांसाठी हा पैसा दिला. कोणत्याही सरकारी खजिन्याचे पाठबळ या कार्यास नव्हते. सामान्य नागरिकांनी द्यावे, स्वयंसेवकांनी गोळा करावे आणि डॉक्टरांनी ते घेऊन जावे, अशी ही साधी व्यवस्था होती.

जाण्यासाठी पाच डॉक्टरांची निवड झाली. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल होते. स्पेनमधील यादवी युद्धात रुग्णसेवा करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू, सोलापूरचे डॉ. कोटणीस, आणि पाचवे आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर. त्या काळी भंडारा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे आणि नागपूर हीच आपली राजधानी होती. पाचांमध्ये वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या डॉ. चोळकरांनी उतारवयात पत्करलेल्या या प्रवासाची आठवण आपल्या भागात फारशी निघत नाही, म्हणून येथे ती मुद्दाम नमूद करीत आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी औषधे, साहित्य व रुग्णवाहिका यांसह पथकाने मुंबई बंदर सोडले. त्या वेळी द्वारकानाथ सत्तावीस वर्षांचे होते. सप्टेंबरमध्येच ते कँटनला उतरले. पुढच्याच महिन्यात कँटन आणि पाठोपाठ हँकौ ही दोन्ही शहरे जपानच्या हाती गेली. माघार घेणाऱ्या लोकांबरोबर सेवा करीत करीत पथक यांगत्से नदीच्या मार्गाने चुंगकिंगला पोहोचले. तेथे असताना द्वारकानाथांना वडिलांच्या निधनाची दुःखद वार्ता कळली.

हा त्यांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा क्षण होता, असे मला वाटते. परत येण्यास पूर्ण मुभा होती. कोणीही दोष दिला नसता. घरी शोकाकुल आई होती, भावंडे होती. ज्या वडिलांनी जाण्यास संमती दिली त्यांचे अंत्यदर्शनही घडले नव्हते. तरीही त्यांनी पुढे जाण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाची किंमत त्यांनी एकट्याने चुकविली नाही. सोलापूरच्या त्या घरानेही ती चुकविली. चीन निधीच्या जमाखर्चात २२,००० रुपयांची नोंद झाली. या घराने जे दिले ते कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनान येथे पोहोचले. त्याच वर्षी डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी मायदेशी परतले, डॉ. अटल १९४० मध्ये परतले. यात उणेपणा काहीच नाही. ज्याने आपल्या शक्तीनुसार सेवा केली त्याची सेवा पूर्णच होय. डॉ. बसू व डॉ. कोटणीस मागे राहिले. डॉ. बसू येनानच्या रुग्णालयात १९४३ पर्यंत कार्यरत होते. डॉ. कोटणीस उत्तर चीनमधील डोंगराळ युद्धक्षेत्रात गेले. तेथे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांनी अद्वितीय कार्य केले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे देहावसान झाले होते. त्यांची रिकामी जागा द्वारकानाथांनी भरून काढली.

१९४० मधील एका मोहिमेत त्यांनी सलग ७२ तास निद्रा न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. तोपर्यंत ते चिनी भाषा शिकले होते. त्या भाषेत ते विद्यार्थ्यांना शिकवीत आणि त्यांच्यासाठी शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तकही लिहीत. एका डॉक्टरने किती जखमी वाचवावेत याला मर्यादा असते. त्याने शिकविलेल्यांच्या हातून किती वाचतील याला ती नसते. चिनी लोक त्यांना के दीहुआ या नावाने ओळखू लागले. आपल्या तेथील सहकाऱ्यांप्रमाणे १९४२ मध्ये त्यांनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्वही स्वीकारले. आपणांपैकी अनेकांना तो विचार मान्य नसेल. परंतु चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे.

१९४१ मध्ये त्यांचा विवाह परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. यातील यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. परंतु अपुरे अन्न, कडाक्याची थंडी व अविश्रांत श्रम यांनी शरीर पोखरले होते. अपस्माराचे झटके येत होते, तरी काम थांबले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. पुत्र त्या वेळी चार महिन्यांचाही नव्हता. पुढे वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये तोही निवर्तला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि भारतातील आप्तांशी त्यांनी नाते राखले होते.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी या जीवनावर चित्रपट काढला. चीनमध्ये शिच्याच्वांग येथे त्यांचे स्मारक उभे आहे, तर सोलापूरमध्ये राहत्या घराचे स्मारक करण्यात आले आहे. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झाले, कटुता आली. तरी तेथील समाधीचा मान राहिला. राज्यकर्त्यांचे करार मोडतात, परंतु केलेली सेवा विसरली जात नाही, हे यातून दिसते.

युद्धभूमीवरील कार्य अहिंसेच्या कसोटीवर कसे पाहावे, असा प्रश्न आपल्या समाजातील एखाद्या जिज्ञासूच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्या अल्पमतीनुसार, युद्ध सुरू करणे त्यांच्या हाती नव्हते आणि थांबविणेही नव्हते. समोर तडफडणाऱ्या जीवाची वेदना कमी करणे एवढेच हाती होते, आणि तेवढे त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत केले. जो मरणाच्या भीतीतून एका जीवाला सोडवितो, तो औषधदानाबरोबर अभयदानही देतो.

आता थोडे आपल्याविषयी. कापडाच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला पावती फाडून घेणे सोपे वाटते. आपण दान देतो, फलकावर नाव येते आणि कर्तव्य पूर्ण झाल्याचे समाधान लाभते. परंतु घरचा मुलगा वा मुलगी डॉक्टर झाल्यावर आपत्तिग्रस्त भागात किंवा परदेशी सेवापथकात जातो म्हणाली, तर आपण काय उत्तर देऊ? पहिला शब्द नकाराचाच निघेल, हे मी माझ्यापुरते तरी मान्य करतो. म्हणून न्यासाच्या विश्वस्तांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. पुढील काळात दात्यांच्या यादीशेजारी सेवेसाठी प्रत्यक्ष जाणाऱ्यांची एक स्वतंत्र नोंदवही असावी, आणि ते दूर असताना त्यांच्या घरातील वृद्धांचे आजारपण व मुलांचे शिक्षण सांभाळण्याची जबाबदारी न्यासाने घ्यावी. जाणाऱ्याच्या घराचा भार समाजाने उचलला, तर जाणारे निघतील. आणि जाणारे निघाले, तरच दिलेले औषध रुग्णाच्या मुखापर्यंत पोहोचेल.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या पावन स्मृतीस, तसेच त्यांना जाऊ देणाऱ्या त्यांच्या मातापित्यांस विनम्र अभिवादन. जय जिनेंद्र!