सुडाच्या पलीकडे गेलेला फकिरा

घोडा, बंदूक, उजाड माळ आणि पाठीमागे उडणारी धूळ. बापाच्या नाहीतर भावाच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेला एक फरारी माणूस. अमेरिकेचे जुने ‘वेस्टर्न’ चित्रपट म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येते. 1940 साली फ्रिट्झ लँग या दिग्दर्शकाने ‘द रिटर्न ऑफ फ्रँक जेम्स’ हा असाच एक चित्रपट काढला. जेसी जेम्स या नामांकित दरोडेखोराला 1882 साली त्याच्याच टोळीतल्या बॉब फोर्डने बक्षिसाच्या लोभाने पाठीमागून गोळी घातली. मारेकरी शिक्षेवाचून सुटले, तेव्हा जेसीचा भाऊ फ्रँक नांगर सोडून पुन्हा बंदूक हाती घेतो, अशी ती कथा.

अशा कथा पाहायला आपण तिकीट काढून थिएटरात गेलो. पण मिरजेहून सांगली मागे टाकून वाळवा तालुक्यात शिरले की वाटेगाव लागते. तिथे अशीच एक कथा घडली आणि ती लिहिणारा माणूसही त्याच मातीत जन्मला. त्याचे नाव अण्णाभाऊ साठे.

दीड दिवसाची शाळा

1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालूबाई यांच्या पोटी हा मुलगा जन्मला. नाव ठेवले तुकाराम. मिरजेत तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते, तर वाटेगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात मोडत होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय करून ठेवली होती. गुन्हा केलेला असो वा नसो, हजेरी चुकायची नाही, असा तो काळ.

फकिरा हा अण्णाभाऊंच्या नात्यातला. घरात त्याची एक आठवण सांगितली जाई आणि पुढे अण्णाभाऊंनी ती लिहूनही ठेवली. अण्णाभाऊ जन्मले त्या सुमारास सरकारी खजिना लुटून फरारी झालेला फकिरा त्यांच्या घरी आला आणि बाळंतिणीसाठी ओंजळीने सुरती रुपये देऊन गेला. मुलाची पहिली घुटी या लुटीच्या पैशांतून आली, असे म्हणायला हरकत नाही.

शाळा मात्र दीड दिवसाचीच झाली. जातीपायी वाट्याला आलेली मानहानी सोसेना, म्हणून पोराने शाळेकडे पाठ फिरवली ती कायमची. 1930 नंतरच्या त्या मंदीच्या दिवसांत पोटासाठी हे कुटुंब मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे आणि पुढे चालायचे.

मुंबईत त्यांनी कोळसे वेचले, हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे गाठोडे वाहिले, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत त्यांनी अक्षरे पक्की केली, असे सांगतात. मधल्या काळात गावी परतून ते नातलगाच्या तमाशात रमले. पुन्हा मुंबई गाठल्यावर कामगार चळवळीने आणि कम्युनिस्ट पक्षाने त्यांना जवळ केले. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा गाजला. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर त्यांची लावणी सभा-सभांतून घुमली.

बापाच्या खुनाचा हिशेब

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून अण्णाभाऊ लिहीत होते. 1959 साली ‘फकिरा’ कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी, म्हणजे सांगलीतच जन्मलेल्या थोर लेखकाने. 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला.

कथेचा आरंभ खुनाने होतो. ज्या गावाकडे जोगणी, त्या गावाला जत्रेचा मान. शिगावची जोगणी आपल्या गावात आणण्यासाठी फकिराचा बाप राणोजी जिवावर उदार होतो. जोगणी वाटेगावात येते, पण शिगावच्या खोताच्या हातून राणोजी मारला जातो. मान गावाला मिळतो आणि पोरके होते ते राणोजीचे घर.

पुढे तोच खोत जोगणी परत न्यायला येतो. आता फकिरा हाताशी आलेला तरणा गडी आहे. बापाचा मारेकरी समोर आहे, हातात तलवार आहे. वाचकाला वाटते, आता मुंडके उडणार. पण फकिरा खोताचा हात छाटतो आणि त्याला जिवंत सोडतो.

इथे अमेरिकन चित्रपटाशी ताडून पाहण्यासारखे आहे. त्या चित्रपटातही फ्रँकच्या हातून फोर्ड बंधू मरत नाहीत. एक जण कड्यावरून कोसळतो, दुसरा भलत्याच्याच गोळीने जातो. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीला सूडाचे समर्थन खपत नव्हते, म्हणून नायकाचे हात कथेनेच कोरडे ठेवले. खरा फ्रँक तर बदला घ्यायला गेलाच नाही. भावाच्या खुनानंतर काही महिन्यांत तो सरकारच्या स्वाधीन झाला, खटल्यांतून सुटला आणि 1915 साली मरण पावला. फकिराचे तसे नाही. तिथे नियमावलीही नाही आणि नशीबही नाही. मारायची संधी असताना माणूस स्वतः हात आवरतो.

आणि त्याची खरी लढाई इथून पुढे सुरू होते. दुष्काळ पडतो, वाड्यात माणसे उपाशी मरू लागतात, तेव्हा फकिरा भरलेली कोठारे फोडतो आणि धान्य वाटून देतो. मग बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. बापासाठी ज्याने जीव घेतला नाही, तो भुकेल्यांसाठी सरकारवर तुटून पडतो. शेवटी सरकार त्याच्या लोकांना, अगदी म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोराबाळांना ओलीस धरते, तेव्हा तो आपणहून हवाली होतो.

लेखकाने काय केले?

या कादंबरीत अण्णाभाऊंचे स्वतःचे आयुष्यही दिसते. हिशेब चुकते करायचे म्हटले असते तर त्यांच्याकडे थोडे नव्हते. पण त्यांनी एकेका माणसाचे नाव धरून राग काढला नाही. जी व्यवस्था माणसाला उपाशी ठेवते आणि वर चोर म्हणते, तिलाच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. वारणाकाठचा बंडखोर सत्तू भोसले त्यांनी ‘वारणेचा वाघ’मध्ये रंगवला तोही याच नजरेने.

सिनेमाने त्यांच्या गोष्टी उचलल्या. ‘फकिरा’वर 1963 साली चित्रपट निघाला आणि 1970 साली ‘वारणेचा वाघ’ पडद्यावर आला. तो पाहायला अण्णाभाऊ नव्हते. 18 जुलै 1969 रोजी मुंबईत गोरेगावला त्यांचे निधन झाले. वय अवघे 48. 1961 साली रशियाला जाऊन आलेला, ज्याच्या पुस्तकांची भाषांतरे झाली असा हा लेखक गरिबीत आणि एकटेपणात गेला.

2002 साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हे सगळे चांगलेच झाले. पण अण्णाभाऊंना भेटायचे तर इतक्या लांब जायला नको. एखाद्या रविवारी घरातल्या मुलांना घेऊन वाटेगावला जावे आणि परत आल्यावर ‘फकिरा’तले खोताचे प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. तलवार उगारलेला हात कुठे थांबतो, हे मुलांच्या नीट ध्यानात येईल.