संत गोन्सालो गार्सिया : एका नांवाचें सार्थक

आपल्यांतील कित्येक कुटुंबांचें आडनांव गोन्साल्विस आहे. त्याचा मूळ अर्थ गोन्सालोचा पुत्र. गोन्सालो हें नांव मूळचें जर्मानिक होय. पांचव्या शतकांत स्पेन व पोर्तुगालच्या भूमींत शिरलेल्या व्हिसिगॉथ लोकांबरोबर अशीं नांवें तेथें आलीं. जुन्या लॅटिन लेखांत त्याचें रूप गुन्दिसाल्वुस असें आढळतें, आणि त्यांतील आरंभींच्या शब्दाचा अर्थ युद्ध असा आहे. योद्ध्यांचें हें नांव पोर्तुगीजांच्या गलबतांतून वसईच्या किनाऱ्यास लागलें, व एका निःशस्त्र पुरुषानें तें पावन केलें.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता येथलीच. येशुसंघीय धर्मगुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें. पंधरा-सोळाव्या वर्षीं ते त्यांच्यासमवेत जपानास गेले, तेथील भाषा शिकले व धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षें राबले. येशुसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आस होती. ती पुरी झाली नाहीं. खिन्न अंतःकरणानें ते व्यापाराकडे वळले. तेथें यश लाभलें, परंतु मन रमलें नाहीं. अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस व्रतस्थ बंधु म्हणून पदरीं घेतलें.

इ. स. १५९३ त फादर पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हां जपानांत गेले. सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर त्यांनींच बोलणीं चालविलीं. पुढें १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली व सर्वांस कैद झाली. क्योतो येथें प्रत्येकाचा डावा कान छेदण्यांत आला, आणि भर हिवाळ्यांत सुमारें एक महिना प्रवास घडवून त्यांस नागासाकीस नेलें. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांत बहुतेक जपानी होते. वसईचे मात्र हे एकटेच.

१६२७ त ते धन्य ठरले. ता. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद अर्पण केलें. भारतभूमींत जन्मलेले हे पहिलेच संत.

एक दार बंद झालें म्हणून त्यांनीं देवाची सेवा सोडिली नाहीं. आपल्या बाळास बाप्तिस्म्याच्या वेळीं नांव द्याल तेव्हां तें कोणाचें आहे, हें त्यास पुढें अवश्य सांगा. मोठेपणीं एखादें दार त्याच्यापुढेंही बंद होईल; त्या दिवशीं ही कथा त्याच्या उपयोगीं पडेल.