ज्ञानमंदिराची वाट रुंद करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर

पेण शहर मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की वडखळ आणि नागोठणे यांच्या दरम्यान गडब हे गाव लागते. भातशेती, खाडीकाठची खारजमीन आणि अलीकडच्या काही दशकांत उभे राहिलेले कारखाने यांच्यामध्ये हा सारा परिसर वसलेला आहे. येथील आगरी, कोळी आणि कातकरी घरांतील मुले आज शाळेत जातात. बारावीनंतर मात्र अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पुढचे शिक्षण पेण, नागोठणे किंवा अलिबागला. मग रोजचे भाडे कोण देणार, राहायचे कुठे आणि घरच्या कमाईला लागणारे दोन हात कमी झाले तर चूल कशी पेटणार? महाविद्यालयाचे दार कोणी अडवलेले नसते, तरीही त्या दारापर्यंत पोहोचता येत नाही.

हाच महामार्ग पुढे महाडला जातो. उघड्या दारापर्यंत पोहोचता का येत नाही, या प्रश्नाचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या एका महापुरुषाचे नाव त्या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. ते नाव म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

महाडची घटना आपण सारे शाळेत शिकलो आहोत, परंतु तिचा एक तपशील अनेकदा नजरेआड होतो. सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे कागदावर तळे मोकळे झाले होते. तरीही पुढची तीन वर्षे अस्पृश्य समाजातील कोणी त्या पाण्याला हात लावू धजला नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये केवढे अंतर असते, हे त्या दिवशी दिसून आले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर गावात हल्ले झाले, तळ्याचा वाद न्यायालयात गेला आणि अंतिम निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

शिक्षणाच्या बाबतीतही हे अंतर बाबासाहेबांनी स्वतः चालून पाहिले होते. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवत असत. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीला व नंतर साताऱ्याला राहिले. तेथील शाळेत भीमरावाला प्रवेश मिळाला होता, परंतु वर्गात बसण्यासाठी त्याला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतले तरच ते मिळे; शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच घरी परतावे लागे. हजेरीपटावर त्याचे नाव होते, पण वर्गात त्याची जागा नव्हती.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. एका खोलीत सारे घर होते. पहाटे दोनच्या सुमारास उठून अभ्यास करणारा मुलगा आणि त्याच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवणारे वडील, हे त्या घराचे चित्र होते. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्याला संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ती पुरी होऊ शकली नाही, म्हणून त्याने फारसी घेतली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. त्याच्या समाजासाठी ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती, की तिच्यासाठी सत्कारसभा भरली. कृष्णराव अर्जुन केळुसकर या सहृदय शिक्षकाने त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे वडिलांना महाविद्यालयाचा खर्च पेलेना, तेव्हा केळुसकर त्या तरुणाला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि तिच्या बळावर भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले.

१९१३ साली सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावी, असा करार त्यापूर्वी झाला होता. न्यू यॉर्कमध्ये त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांचे अध्ययन केले, १९१५ साली एम.ए. पदवी मिळवली आणि पुढच्या वर्षी लंडन गाठले. तेथील शिक्षण अर्ध्यावर असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. त्यांच्या पुस्तकांची पेटी घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले. बडोद्यात मोठ्या हुद्द्यावर नेमणूक झाली, पण राहायला घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. तेथूनही जात कळताच त्यांना बाहेर काढण्यात आले. एवढी विद्या संपादन केलेला माणूस एका रात्रीच्या निवाऱ्याला मोताद झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ साली ते प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांचा स्पर्श होऊ नये, असे काही सहकाऱ्यांना वाटत होते.

या नोकरीत पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या आधारे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ सालापर्यंत अर्थशास्त्रातील डी.एस्सी. आणि बॅरिस्टर या दोन्ही पदव्या त्यांच्या हाती होत्या. कोलंबियाची पीएच.डी. पदवी त्यांना १९२७ साली रीतसर प्राप्त झाली.

एवढ्यावर थांबून ते सुखाने वकिली करू शकले असते. परंतु आपण वर चढलो ती शिडी कशाची बनली होती, याचे भान त्यांनी कधी सुटू दिले नाही. एक शिक्षक, दोन राजे, एक मित्र, वडिलांचे कष्ट आणि पत्नी रमाबाई यांनी मुंबईत काढलेले उपासमारीचे दिवस अशा तिच्या पायऱ्या होत्या. प्रत्येक गरीब मुलाला केळुसकर भेटतीलच असे नाही. जे आपल्याला योगायोगाने मिळाले ते इतरांना हक्काने मिळावे, या दिशेने त्यांचे पुढचे कार्य झाले.

आरंभ वसतिगृहापासून झाला. १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातील मुलाला शहरात खोली मिळत नाही आणि खोली नसेल तर प्रवेशाचा उपयोग नाही, हे बडोद्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला कोणी सांगण्याची गरज नव्हती. १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी शिक्षणखात्याच्या खर्चावर भाषण केले. शाळेपासून महाविद्यालयापर्यंत वर जाताना मागास वर्गांचे प्रमाण कसे घटत जाते आणि उच्च शिक्षणात ते जवळजवळ शून्यावर येते, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यावरील चर्चेत विद्यापीठाच्या कारभारात मागास वर्गांनाही स्थान असावे, असा आग्रह त्यांनी धरला. विद्येच्या मंदिरात केवळ विद्यार्थी म्हणून नव्हे, तर निर्णय घेणारे म्हणूनही या समाजाने बसावे, अशी त्यांची दृष्टी होती.

या कार्यात तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. महाडची परिषद भरवण्यासाठी झटलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगावच्या परिसरातले. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. त्या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिले, त्यानंतर त्याला प्रवेश मिळाला. बसण्याची जागा मात्र इतरांपासून वेगळीच राहिली. महाडच्या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंत चित्रे यांच्यासारखे स्पृश्य समाजातील सहकारीही होते. पुढे अलिबागच्या खारेपाटातील चरी येथे आगरी कुळांनी खोतांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ संप केला, तेव्हा बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुळाच्या घरात धान्य उरल्याशिवाय त्याचे पोर शाळेत टिकत नाही, हा संबंध या प्रदेशाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले. त्या पदावरून त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे मांडला व शिष्यवृत्त्यांसाठी दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद करून घेतली. त्यांतून काही विद्यार्थी परदेशीही गेले. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींना १९४४-४५ पासून आणि अनुसूचित जमातींना १९४८-४९ पासून शिष्यवृत्ती मिळू लागली. आज एखादा कातकरी विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, त्यामागे एवढा इतिहास आहे.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचा आरंभ मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत झाला. येथे बाबासाहेबांची दूरदृष्टी एका साध्या गोष्टीत दिसते, ती म्हणजे वेळापत्रकात. वर्ग भल्या सकाळी भरत असत. कारकून, कामगार, चतुर्थ श्रेणीतील नोकर अशांना तास संपवून वेळेवर कामावर हजर होता येई. नोकरी सोडा व शिका, असे गरीब तरुणाला सांगणे म्हणजे त्याला परत पाठवणेच होय. घड्याळ पुढे-मागे केल्याने ज्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली, त्यांत साऱ्या जातींचे विद्यार्थी होते, कारण हे महाविद्यालय कोणा एका जातीपुरते नव्हते. उत्तम ग्रंथालय हवे, यावर त्यांचा कटाक्ष होता. गरिबांचे महाविद्यालय म्हणून तेथील शिक्षण हलके असावे, हे त्यांना मान्य नव्हते.

१९५० साली त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे महाविद्यालय उघडले. पुढे मिलिंद या नावाने ते प्रसिद्ध झाले. निजामाच्या राजवटीतून दोन वर्षांपूर्वीच मुक्त झालेल्या मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती. येथे महाविद्यालयाबरोबर वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतील मुले नागसेनवनात येऊन शिकू लागली. पुढील काळातील दलित साहित्याच्या चळवळीला या परिसराने अनेक लेखक, प्राध्यापक व कार्यकर्ते दिले. बाबासाहेबांच्या पश्चात याच संस्थेने महाडलाही महाविद्यालय सुरू केले. जेथे पाण्यासाठी लढावे लागले, तेथे विद्येचा पाणवठा निर्माण झाला.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी राज्याने घ्यावी, असे घटनेचे ४६ वे कलम सांगते. मद्रास प्रांतातील महाविद्यालयीन राखीव जागा न्यायालयाने रद्द केल्यावर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षणात मागास वर्गांसाठी खास तरतूद करण्याचा मार्ग १५ व्या कलमात मोकळा झाला. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेबच होते.

कागद दार उघडतो, तसा तो कधी अडसरही ठरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. या नवबौद्धांना अनुसूचित जाती म्हणून केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल यावे लागले. ख्रिस्ती झालेल्या दलित बांधवांना तो दर्जा अद्याप मिळालेला नाही. गरिबी आणि अवहेलना मात्र धर्म विचारून थांबत नाहीत.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात आग्रा येथील सभेत त्यांनी एक खंत बोलून दाखवली होती. शिकलेली माणसे समाजाच्या उपयोगी पडतील अशी त्यांची अपेक्षा होती. पण अनेकांनी पदवी आपल्या संसारापुरतीच वापरली, याचे त्यांना दुःख होते. ही खंत केवळ त्यांच्या समाजापुरती मानून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज पदवीधर आहेत. आपल्यालाही कोणी तरी शिडी धरली होती: एखाद्या शिक्षकाने, एखाद्या भगिनीने, एखाद्या नातलगाने. गडबच्या वाटेवर उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला उपदेशाची गरज थोडी आणि व्यवस्थेची अधिक आहे. शहरात राहायला सुरक्षित जागा, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरून देणारा जाणता माणूस, जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात सोबत येणारे कोणी, संध्याकाळी दोन तास गणित आणि इंग्रजी शिकवणारा एखादा निवृत्त शिक्षक: एवढ्याने एक वर्ष वाचते, कधी एक आयुष्य वाचते. आपल्या धर्मग्रामात अशी मुले किती आहेत, ती बारावीनंतर कुठे गेली, याची नोंद आपण ठेवतो का? बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. दारापासून दोन पावले मागे येऊन, मागून येणाऱ्याचा हात धरणे हे त्यांचे खरे स्मरण ठरेल.