लेकीच्या जन्मगावी पित्याची समाधी

सिंदखेडराजा (जि. बुलडाणा) : राजमाता जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी दरवर्षी १२ जानेवारीला येथील राजवाड्यात जनसागर लोटतो. मात्र याच गावात उभ्या असलेल्या त्यांच्या पित्याच्या, लखुजीराजे जाधवराव यांच्या समाधीकडे त्यांतील थोड्यांचीच पावले वळतात. परदेशातील सम्राटांची थडगी हौसेने पाहून येणाऱ्या मराठी माणसाने एक दिवस काढून ही भव्य घुमटाकार वास्तूही पाहायला हवी.

देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणाऱ्या जाधव घराण्यातील लखुजीराजे हे अहमदनगरच्या निजामशाहीतील मातब्बर सरदार होते. पत्नी म्हाळसाबाई यांच्या पोटी १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला. पुढे वेरुळच्या मालोजीराजे भोसले यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन पराक्रमी घराणी सोयरिकीने जोडली गेली; पण हा जिव्हाळा फार काळ टिकला नाही. खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरल्याचे निमित्त होऊन जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले आणि त्यात लखुजीराजांचे पुत्र दत्ताजी मारले गेले, असे परंपरा सांगते.

१६२१ च्या सुमारास लखुजीराजे मोगलांना जाऊन मिळाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत सासरा मोगलांच्या बाजूने, तर जावई मलिक अंबरच्या फौजेत उभा होता. दख्खनमध्ये त्या काळी सरदारांची निष्ठा वतनाशी आणि फौजेशी बांधलेली असे. बादशहा बदलत, वतन मात्र राखावे लागे. लखुजीराजेही याला अपवाद नव्हते. पुढे ते पुन्हा निजामशाहीत परतले.

हे परतणे प्राणघातक ठरले. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात मुजऱ्यासाठी गेलेल्या लखुजीराजांची दुसऱ्या मुर्तझा निजामशहाच्या दरबारात दगाफटक्याने हत्या झाली. पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेही त्यांच्यासोबत ठार झाले. जिजाऊंचे पिता, दोन बंधू आणि भाचा एकाच दिवशी काळाआड गेले. या घटनेनंतर जाधव मंडळींनी मोगलांचा आश्रय घेतला आणि शहाजीराजांनीही निजामशाहीची चाकरी सोडली. त्यानंतर सातच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. परक्या दरबारातील चाकरीचे मोल काय असते, हे त्या मातेने माहेरच्या चार चितांवरून जाणले होते.

समाधी परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या जतनाच्या कामादरम्यान २०२४ मध्ये जुन्या मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती उजेडात आली. त्या निमित्ताने काही दिवस या वास्तूची चर्चा झाली. ती तेवढ्यावरच थांबू नये. राजवाड्यात नतमस्तक होणाऱ्या प्रत्येकाने पुढे या समाधीपाशीही क्षणभर थांबावे. स्वराज्याच्या कथेतील एक वेदनादायी पान तेथे उलगडते.