शून्यावर चार बाद, तेव्हा हजारे खेळायला उतरले

जून १९५२. इंग्लंडच्या लीड्स शहरातले हेडिंग्ली मैदान. भारताचा दुसरा डाव सुरू होऊन जेमतेम चौदा चेंडू झाले होते आणि धावफलकावर भारताच्या नावापुढे धावा शून्य, बाद चार असे लागले होते. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर, चौघेही भोपळा घेऊन परतले होते. मंत्री आणि मांजरेकर तर लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्रिफळाचीत झाले. गोलंदाज फ्रेड ट्रूमन, वय एकवीस, पहिलाच कसोटी सामना, आणि पुढच्या चेंडूवर हॅटट्रिकची संधी. तो चेंडू खेळायला जो माणूस निघाला तो संघाचा कर्णधार होता. मूळचा सांगलीचा, बडोद्याचा झालेला. विजय सॅम्युएल हजारे.

हॅटट्रिक झाली नाही. हजारे त्या डावात ५६ धावा करून गेले, दत्तू फडकर यांच्याबरोबर १०५ धावांची भागीदारी झाली आणि भारत १६५ पर्यंत पोहोचला. सामना इंग्लंडने सात गडी राखून जिंकला. पण त्या चौदा चेंडूंची दहशत मात्र भारतीय संघाच्या मानगुटीवर पुढचे दोन महिने बसून राहिली. खेळाडूच्या मनातली सामन्याआधीची धास्ती त्याचे काय करते, हे समजून घ्यायचे असेल तर त्या दौऱ्याइतके बोलके उदाहरण आपल्या क्रिकेटमध्ये दुसरे नाही. आणि त्या दौऱ्याच्या मधोमध हजारे उभे आहेत.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळेत शिक्षक, घरात आठ भावंडे. श्रीमंती नव्हती. त्या काळात अशा मुलाला क्रिकेटमध्ये पुढे जायचे तर संस्थानिकांचा आश्रय हाच मार्ग होता, आणि तो त्यांना मिळाला. ऑस्ट्रेलियाचे नामवंत लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही याच आश्रयातून लाभले. हजारे यांची उभे राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये जणू अडकवून ठेवलेली. पुस्तकी प्रशिक्षकाने ती पहिल्याच दिवशी मोडीत काढली असती. ग्रिमेट यांनी तिला हात लावला नाही. हे फार मोठे काम झाले. ज्याच्या हाताला एक सवय बसली आहे त्याला ऐन वेळी आपल्या पायांकडे नि कोपरांकडे बघायला लावले, की तो कायमचा साशंक होतो.

स्वभावाने हजारे अबोल, भिडस्त. चारचौघांत मागे राहणारे. बॅट हातात आली की मात्र हाच माणूस हलता हलत नसे. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेले ते पहिले त्रिशतक. पुढे ज्या बडोद्याला झोडपले त्याच बडोद्याचे ते झाले, ते अखेरपर्यंत.

१९४३ च्या पंचरंगी स्पर्धेतला प्रकार तर आजही जुन्या रसिकांना तोंडपाठ असेल. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या. हजारे ज्यात होते त्या ‘रेस्ट’ संघावर फॉलोऑनची पाळी आली. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ पैकी एकट्या हजारे यांच्या ३०९. त्यात भाऊ विवेक यांच्यासोबत ३०० धावांची भागीदारी, आणि त्यात विवेक यांचा वाटा किती, तर २१! संघ हरला. तरी हरणाऱ्या बाजूने, डोक्यावर डोंगराएवढे ओझे असताना, एकट्याने दोन-दोन दिवस किल्ला लढवायची त्यांची जी ख्याती झाली ती इथून.

मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाची अंतिम लढत बडोद्यात झाली. समोर इंदूरचा होळकर संघ, त्यांचे नेते सी. के. नायडू. म्हणजे दोन मराठी संस्थानांचाच सामना म्हणायचा. हजारे २८८, गुल महंमद ३१९, आणि चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा. जगातल्या कुठल्याही गड्यासाठीचा प्रथम श्रेणीतला हा विक्रम जवळजवळ साठ वर्षे टिकला. २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धने जोडीने तो मोडला.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला डॉन ब्रॅडमन यांच्या संघाने ६७४ धावा केल्या. लिंडवॉल आणि मिलर ही त्या काळची सर्वांत भीतिदायक जोडी समोर. हजारे यांनी पहिल्या डावात ११६, दुसऱ्यात १४५ काढल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत डावाने हरला तो हरलाच. ब्रॅडमन यांचा त्याच सामन्यात २०१ वर त्रिफळा उडवला, तोही हजारे यांनीच. मध्यमगती गोलंदाजी ते करायचे, हे आजकाल कुणाच्या लक्षात नसते.

इथपर्यंत हा माणूस फक्त आपल्या विकेटचा धनी होता. १९५१ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला आणि कर्णधारपद हजारे यांच्याकडे आले.

दिल्लीच्या पहिल्या कसोटीत इंग्लंड २०३ वर गारद. भारताने ६ बाद ४१८ वर डाव सोडला, त्यात मर्चंट १५४ आणि हजारे नाबाद १६४. जुने दोन प्रतिस्पर्धी एका बाजूने खेळले आणि दोनशेवर भागीदारी केली. पण सामना काही जिंकता आला नाही. इंग्लंडच्या वॉटकिन्स यांनी चिवटपणे नाबाद १३७ करून तो वाचवला. भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध ३६१ चे लक्ष्य असताना भारत ८ बाद ३५५ वर थांबला होता, अवघ्या सहा धावा कमी. त्या डावात १२२ धावा हजारे यांच्याच होत्या. असा घास तोंडाशी येऊन गेलेला असला की पुढच्या वेळी हात आपोआप आखडतो. सावध खेळाबद्दल हजारे यांच्यावर टीका झाली, ती अगदीच अनाठायी नव्हती. हरायचे नाही, या विचाराने पछाडलेला कर्णधार जिंकायचा डाव टाकायला उशीर करतो.

तरी पहिला विजय त्यांच्याच नेतृत्वाखाली आला. फेब्रुवारी १९५२, मद्रास. विनू मांकड यांचे सामन्यात बारा बळी, रॉय आणि पॉली उमरीगर यांची शतके, आणि भारत एक डाव आठ धावांनी विजयी. तोवर वीस वर्षे कसोटी खेळणाऱ्या देशाचा हा पहिला विजय. त्यानंतर चारच महिन्यांनी हा संघ हेडिंग्लीवर उतरला.

पहिल्या डावात खरे तर सारे ठीक चालले होते. तीन गडी लवकर गेल्यावर हजारे (८९) आणि तरुण मांजरेकर (१३३) यांनी २२२ धावा जोडल्या होत्या. आणि मग दुसऱ्या डावातले ते चौदा चेंडू.

ट्रूमन वेगवान होते, यात शंका नाही. पण वेग म्हणजे जादू नव्हे. वेगवान चेंडू बॅटपर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. एवढ्या अवधीत फलंदाज विचार करून खेळत नाही, शरीराला लागलेल्या सवयीने खेळतो. मनात धास्ती असली की नेमकी हीच सवय बिघडते. खांदे आवळतात, बॅटवरची पकड घट्ट होते, पाऊल पुढे जायचे ते जागीच थिजते. नजर चेंडूवर असायची ती गोलंदाजाच्या धावण्यावर खिळते. थोडी धाकधूक हवीच, तिने माणूस जागा राहतो. मर्यादेपलीकडे गेली की तीच काम बिघडवते. येर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे दाखवले होते. आपल्याकडे आखाड्यातल्या कोणत्याही वस्तादाला ते उंदरांवाचून ठाऊक असते. कुस्ती लागण्याआधीच चेहरा उतरलेला पठ्ठा तो लगेच ओळखतो.

उमरीगर यांचेच बघा. त्या दौऱ्यात त्यांनी एकूण १६८८ धावा केल्या. कौंटी संघांना धू धू धुतले, द्विशतकेही ठोकली. आणि चार कसोटींतल्या सात डावांत मिळून? ४३. माणूस तोच, बॅट तीच, देश तोच, हवाही तीच. फरक एवढाच की कसोटीत समोर ट्रूमन असायचे. चेंडू सुटण्याआधीच उमरीगर यांचा पाय लेगकडे सरकायचा, आणि हे सगळे प्रेक्षक पाहायचे. पंकज रॉय सात डावांत पाचदा शून्यावर गेले. ओल्ड ट्रॅफर्डला भारत एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. ओव्हलला ५ बाद ६ अशी गत होऊन सगळे ९८ मध्ये आटोपले. मालिकेत ट्रूमन यांचे २९ बळी. त्यातले किती चेंडूने मिळवले आणि किती ड्रेसिंग रूममधल्या भीतीने आधीच देऊन टाकले होते, असा प्रश्न कुणाला पडला तर तो चूक नाही.

आता हजारे यांचे आकडे घ्या. ८९ आणि ५६, नाबाद ६९ आणि ४९, १६ आणि १६, आणि ओव्हलच्या पडझडीत ३८. एकूण ३३३, सरासरी ५५.५०. लॉर्ड्सच्या दुसऱ्या डावात मांकड यांनी १८४ काढल्या, त्यांना साथ देत हजारे यांनी २११ धावांची भागीदारी केली.

विजय मर्चंट यांचे पुढे असे मत पडले की कर्णधारपदाने हजारे यांच्यातल्या फलंदाजाचा घात केला, नाहीतर ते भारताचे सर्वश्रेष्ठ फलंदाज ठरले असते. मर्चंट यांचा अधिकार मोठा, आणि हजारे यांना त्यांनी समोरून आणि शेजारून दोन्हीकडून पाहिले होते. पण १९५२ चे आकडे त्या मताला सरळ दुजोरा देत नाहीत. खेळपट्टीवर पोहोचल्यावर हजारे डगमगले नाहीत. त्यांना नडली ती बाहेरची काळजी: संघ कुणाचा निवडायचा, फलंदाजीचा क्रम कसा लावायचा, डाव कधी सोडायचा, घाबरलेल्या पोरांना काय सांगायचे. अबोल माणसाला चेंडू खेळणे सोपे असते, दहा जणांना धीर देणे अवघड. हेडिंग्लीच्या दुसऱ्या डावात ते स्वतः सहाव्या क्रमांकावर होते. वर खेळले असते तर ते शून्यावर चार टळले असते का, हा वाद रंगवायला मजा येते, उत्तर निघत नाही.

मायदेशी परतल्यावर पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत कर्णधार लाला अमरनाथ होते, हजारे नुसते खेळाडू. मुंबईच्या कसोटीत नाबाद १४६! पुढच्याच, १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर कर्णधारपद पुन्हा त्यांच्या गळ्यात पडले. तिथे मात्र शतक एकही नाही. मालिका भारताने १-० अशी गमावली. मर्चंट यांच्या म्हणण्यात तथ्य दिसते ते इथे, या दोन मालिका शेजारी ठेवल्या की.

त्याच दौऱ्यात, किंग्स्टनच्या शेवटच्या कसोटीत, पंकज रॉय यांनी १५०, मांजरेकर यांनी ११८ आणि उमरीगर यांनी ११७ धावा काढल्या. वर्षभरापूर्वी पाचावर धारण बसलेली हीच मंडळी. हजारे यांची ती अखेरची कसोटी ठरली. ३० कसोटी, २१९२ धावा, सात शतके, सरासरी ४७.६५. कर्णधार म्हणून १४ सामने, त्यात विजय एकच.

१९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले. एकदिवसीय सामन्यांच्या देशांतर्गत स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले आहे, त्यामुळे आजच्या पोरांना ‘विजय हजारे’ म्हटले की करंडकच आठवतो.

कसोटी सुटल्यावर हजारे यांनी खेळ काही सोडला नव्हता. १९५७-५८ मध्ये बडोद्याने रणजी करंडक जिंकला, अंतिम सामन्यात सेनादलाला डावाने हरवून. हजारे तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांनी २०३ धावा केल्या. बडोद्याचे कर्णधार होते दत्ताजीराव गायकवाड, हेडिंग्लीवर शून्यावर परतलेल्या चौघांपैकी एक.